बारा बैल वळतील एवढा रस्ता

सर दगड चाटून बघत. तुम्हा दोघांना त्यांच्याबद्दल दुसरं काही आठवत नसलं तरी एवढं आठवत असेल, म्हणून सुरुवात इथूनच करते.

इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसमध्ये आपल्या ब्लॉकसमोर नवा कॉन्डो झाला, तेव्हा त्याच्या फाटकापाशी शोभेचे पांढरे गोटे पसरले होते. सरांनी जाता जाता त्यातला एक उचलला, शर्टाला पुसला, जिभेच्या टोकाने ओला केला आणि उन्हात धरून न्याहाळला. सिक्युरिटीचा तमिळ गृहस्थ धावत बाहेर आला. सरांनी त्याला अतिशय गंभीरपणे सांगितलं की हा गोटा नदीतला आहे, कारखान्यातला नाही, तेव्हा विकणाऱ्याने तुमच्या मालकांना फसवलेलं नाही. त्या माणसाने आभार मानले. सरांशी बोलताना लोक नेहमीच असे काहीतरी विसरायचे, म्हणजे आपण कशासाठी धावत आलो होतो ते.

तुमच्या आजोबांनी एकदा त्यांना या चाटण्याबद्दल विचारलं. आजोबा जहाजावरचे इंजिनिअर, त्यांना कारण कळल्याशिवाय चैन पडत नसे. सर म्हणाले, “ओला केल्याशिवाय दगडातले कण दिसत नाही. आणि सगळ्यात जवळचे पाणी तोंडात असते.”

सर मूळचे भंडाऱ्याकडचे. तिकडे मँगनीजच्या खाणी आहेत, त्यामुळे लहानपणापासून त्यांनी जमीन पोखरलेलीच पाहिली होती. नागपूरला भूगर्भशास्त्र शिकले आणि ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावी, तांब्याच्या खाणीवर नोकरीला लागले. ती खाण बंद पडल्यावर सिंगापूरला आले. तुआसला समुद्रात भर घालून जमीन करायचं काम चालतं, तिथे मातीची तपासणी करत करत निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं. आपल्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर राहत. सिंगापुरात त्यांनी किती तरी वर्षं काढली, पण बोलण्यात सिंगापूर फारसं नसे, भंडाराही नसे. ऑस्ट्रेलियातलं ते गाव तेवढं असे.

त्या गावाचं नाव मात्र त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा त्यांनी चहा छान झाल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा खुलासा केला. “नाव सांगितले की पोट्टे फोन काढतात आणि वरून पाहतात. गाव वरून पाह्याचे नसते, वहिनी. गावात पायी शिरावे लागते.”

इथल्या उकाड्यातही ते घोट्याच्या वर येणारे जाड बूट घालत. बसण्याआधी जवळच्या खांबावर बोटाच्या पेराने टकटक करून कान देत. खाणीत छताचा दगड पोकळ वाजला तर त्याखाली थांबायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. एमआरटी ट्रेनच्या डब्यात शिरतानाही ते दाराच्या चौकटीवर टिचकी मारत आणि समाधान झालं की आत येत. मागच्या माणसाला वाटे, हा काही धार्मिक प्रकार असावा. तोही मग थोडा आदबीने चढे. घरात पाण्याची एक बादली नेहमी भरलेली. नळाला चोवीस तास पाणी आहे, मग कशाला, असं म्हटलं तर म्हणत, “तिथले पाणी रेल्वेने येत होते. रेल्वे एखादवेळी उशिरा येते.”

टॅम्पिनीसमध्ये त्यांना एक जागा मनापासून आवडे. आपल्याकडे पूर्वी वाळूची खाण होती, ती सोडून दिल्यावर तिथे तळं साचलंय, तुम्हाला मी एकदा नेलं होतं. सर संध्याकाळी काठावर जाऊन उभे राहत. पक्षी बघायला आलेल्या लोकांच्या दुर्बिणी झाडांकडे, यांची नजर कापलेल्या मातीच्या थरांकडे. “चांगली गावे खड्ड्याच्या काठीच असतात,” असं ते म्हणत, आणि त्यात त्यांना काही विनोद वाटत नसे.

आता वर्गाबद्दल.

आपल्या आसपासच्या ब्लॉकांमधली दहा-बारा मराठी मुलं रविवारी सकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, वॉइड डेकवर जमत. मराठी शिकवायला कुणी मिळेना, तेव्हा सर तयार झाले. त्यांनी पुस्तक आणलं नाही. तुम्हाला खाली सोडून परत वर जायचं म्हणजे लिफ्टची वाट बघणं आलं, म्हणून मी तिथेच दगडी टेबलाशी बसून राही. त्यामुळे सगळे वर्ग मी ऐकले आहेत.

सर तासभर आधी येऊन खडूने जमिनीवर ते गाव काढत. मधोमध एक रस्ता, प्रमाणाबाहेर रुंद. एका टोकाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या टोकाला खाणीचा लोखंडी मनोरा. मध्ये पोस्ट, शाळा, बेकरी, दोन हॉटेलं, बाजूने नदी. प्रत्येक मुलाला एक जागा. तू पोस्टात, तू बेकरीत, तू खाणीच्या तोंडाशी. मग सर सांगत, अमक्याने तमक्याकडे पाव घेऊन जावं. जाताना कोणत्या दिशेने चाललो, चढ आहे की उतार, डाव्या हाताला काय लागलं, कोण भेटलं, काय म्हणालं, हे सगळं मोठ्याने मराठीत बोलत जायचं. मध्ये इंग्रजी आलं की माणूस वाट चुकला. त्याने परत स्टेशनवर यायचं आणि नव्याने निघायचं. वर्गाची व्यवस्था बघणारे चिटणीस, त्यांचा मुलगा पहिल्या रविवारी स्टेशनच्या बाहेरच पडू शकला नाही. शेवटी “डोन्ट वॉन्ट लाह” म्हणून तिथेच मांडी घालून बसला, आणि सरांनी त्याला स्टेशनमास्तर करून टाकलं.

वर्ग संपला की सर बादली आणि मॉप आणून सगळं गाव स्वतः पुसत. सार्वजनिक जागा आहे, डाग राहता कामा नये, याबाबत ते पक्के सिंगापूरकर होते. भाजीची ट्रॉली ओढत बाजारातून येणाऱ्या एक चिनी आजी मात्र गाव पुसायच्या आत आल्या तर त्याला वळसा घालून जात. नदीवरूनसुद्धा ट्रॉली नेत नसत.

गावाचा इतिहास तुम्हाला तेव्हा तोंडपाठ होता. माझ्या आठवणीप्रमाणे लिहिते, चुकलं तर फोनवर सांगा. लाल मातीचं सपाट माळरान, झाडं फक्त नदीकाठी. माळावर एक बुटका लांबट डोंगर. एका धनगराला त्या डोंगरावर हिरवे दगड सापडले. हिरवा दगड म्हणजे पोटात तांबं. आधी तंबू आले, मग पत्र्याची घरं, मग हॉटेल. तो हॉटेलवाला खाणीतल्या लोकांना चिखलाच्या बुटांनी आत येऊ देईना, म्हणून समोर दुसरं हॉटेल निघालं. पेशावर-बलुचिस्तानकडचे उंटवाले सामान घेऊन येत. तांब्याचा दगड बैलगाड्यांतून जाई, एकेका गाडीला बारा बारा बैल. एवढी लांबलचक गाडी वळायची म्हणजे रस्ता तसा हवा, म्हणून तो बारा बैल वळतील एवढा रुंद ठेवला. सर तिथे पोहोचले तेव्हा उंट गेले होते, बैल गेले होते, रस्ता तेवढाच होता. समोरच्या दुकानात जायचं तर लोक डोक्यावर टोपी घालून निघत. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडाचा ढीग वाढत वाढत मूळ डोंगरापेक्षा उंच झाला होता. देवाचा डोंगर धाकटा आणि माणसांचा थोरला, असं सर शिकवत.

आणि मग तांब्याचा भाव पडला. दगडही फार खोलातून काढावा लागू लागला. खाण बंद झाली. घरं लाकडाची आणि पत्र्याची, ती लोकांनी जमिनीवरून उचलून ट्रकवर चढवली आणि दुसऱ्या गावी नेली. बेकरीवाल्याचं घर सरांसमोरून गेलं तेव्हा खिडकीचे पडदे तसेच होते. सर अगदी शेवटपर्यंत राहिले, कारण विहिरीसारखे खोल खड्डे नीट बुजवणं त्यांच्याकडे होतं. “खाण बंद करायलेही माणूस लागते,” ते म्हणायचे. हे सगळं ते एखाद्या उत्तम जेवणाबद्दल सांगावं तसं सांगत. आवाज कधी जड झाला नाही.

खोटं मात्र चालत नसे. धाकट्या, तू एकदा नदीत खडूने मासे काढलेस. सर ओलं फडकं घेऊन आले आणि त्यांनी ते एकेक करून पुसले. त्या नदीला पाणीच नव्हतं. तू रडलास. त्यांनी तुला कोरड्या नदीच्या वाळूत कोणते किडे असतात ते सांगितलं, तेव्हा गप्प झालास.

पालकांचं म्हणणं वेगळं होतं. एके दिवशी तुमची आई हातात उलथनं घेऊन माझ्या खोलीत आली. थोरलीने तिला विचारलं होतं, “आई, तू काहून रागावून राहिली?” तुमची आई पुण्याची, सदाशिव पेठेतली. तिला काय झालं असेल ते आता तुम्हाला कळेल. घराघरांत हेच चाललं होतं. मुलं मराठी बोलू लागली होती, पण भंडाऱ्याची. आणि विषय म्हणाल तर ऑस्ट्रेलिया.

हे चिटणीस, वर्गाचं काम बघत म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत, पाया लेबारच्या एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते. मनाने सरळ माणूस. पण प्रत्येक गोष्टीतून काय निष्पन्न झालं हे त्यांना दिसावं लागे. ते एका रविवारी खाली आले आणि सरांना म्हणाले, “सर, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण मुलं वर्षभर एकाच रस्त्यावरून ये-जा करतायत. प्रगती कुठे दिसते?” सर म्हणाले, “खाणीत प्रगती खाली असते.” चिटणिसांना हे पुरेसं वाटलं नाही.

शेवटी असं ठरलं की पाडव्याच्या संमेलनात प्रत्येक मुलाने ‘माझे गाव’ या विषयावर बोलायचं. चिटणिसांच्या आत्या साताऱ्याकडच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि तेव्हा भाच्याकडे यायच्या होत्या. त्या ऐकतील. त्यांना मुलांचं मराठी बरं वाटलं तर वर्ग सरांकडे राहील, नाहीतर जूनच्या सुट्टीनंतर पाठ्यपुस्तक घेऊन शिकवणाऱ्या एका बाई येतील. सरांनी मान डोलावली आणि गाव पुसायला घेतलं.

त्या दिवशी मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, पुस्तकातलेही चार धडे घेतले तर काय बिघडेल? ते जरा वेळ टेबलाच्या दगडावरून हात फिरवत बसले. म्हणाले, “वहिनी, तिथे जे जन्मले ते म्हातारे झाले. त्यांचे पोरे शहरात गेले. त्या रस्त्याने आता कोणी चालत नाही. इथे दर रविवारी दहा जण चालतात. वर्ग गेला तर मी एकटा उरतो.” एवढं बोलून त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. याच्यापुढे पुस्तकाचा विषय मी काढला नाही.

संमेलनासाठी घराघरांत तयारी झाली. आईवडिलांनी आपापल्या मूळ गावांवर पाच-पाच वाक्यं मुलांकडून घोकून घेतली. आपल्याकडे तुमच्या बाबांनी राजापूरवर लिहिलं, गंगेसकट. सरांनी यात काहीच केलं नाही. वर्गात नेहमीप्रमाणे पाव पोचवला जात होता.

पाडव्याला श्रीखंड-पुरी झाली आणि कार्यक्रम सुरू झाला. आत्या पहिल्या रांगेत, पाठ ताठ, मांडीवर पर्स. सर मागे खांबापाशी उभे. खांब वाजवून झाला होता. पहिला नंबर चिटणिसांच्या मुलाचा. नेहरू शर्ट घालून तो समोर आला आणि सुरू झाला, “माझे गाव कृष्णा नदीच्या काठी वसलेले आहे. गावात ग्रामदैवताचे प्राचीन मंदिर आहे. गावातील लोक...” आणि अडकला. पुन्हा “गावातील लोक” म्हणाला. चिटणीस ओठांनी पुढचा शब्द देत होते, तो त्याला दिसेना.

आत्यांना तीस-चाळीस वर्षं मुलं अडकताना बघायची सवय. त्या म्हणाल्या, “पाठ केलेलं राहू दे, बाळा. मला साधं सांग. तुमच्या नदीला पाणी आहे का हल्ली?”

मुलाचा चेहरा एकदम मोकळा झाला. “नाही. कोरडीच असते. सात-आठ वर्षांतून एकदा पूर येतो, तेव्हा सगळे खुर्च्या घेऊन बघायला जातात.”

आत्या त्याच कृष्णाकाठच्या गावात लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसला.

“कुठल्या खुर्च्या?”

“हॉटेलातल्या. दोन हॉटेलं आहेत ना समोरासमोर. एकात बूट घालून जायचं नाही.”

चिटणीस उठले. आत्यांनी मागे न बघता हात केला आणि ते बसले.

“आणि लोक काय करतात गावातले?”

“आधी तांबं काढायचे. आता कोणीच नाही. घरं पण ट्रकवरून गेली.”

“सगळी नाही गेली,” बसलेल्या मुलांतून आवाज आला. आपली थोरली. “पोस्ट राहिलंय. बेकरीच्या दक्षिणेला.”

“उत्तरेला.”

“दक्षिणेला. मी दर रविवारी तिथे उभी राहते. तू काहून मध्ये बोलून राहिला?”

“मी स्टेशनमास्तर आहे. मला जास्त माहीत आहे. बेकरीतून पोस्टात जाताना चढ लागतो, आणि चढ उत्तरेला आहे.”

मग कुणी बसून राहिलं नाही. खाणीच्या तोंडाशी उभा राहणारा उठला, शाळेतली उठली. चढ कुठून लागतो, पोस्टाच्या दारातून नदी दिसते की नाही दिसत, दिसत असेल तर पोस्ट दक्षिणेला कसं असेल, तू आंधळी आहेस, तू पावसुद्धा वेळेवर पोचवत नाहीस. वर्षभरापूर्वी घरी पाणी मागायचं तरी इंग्रजीत मागणारी ही मुलं. तुमच्या आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिथल्या सगळ्या आयांना एकाच वेळी कळलं, की आपली मुलं मराठीत भांडतायत. आजवर हे कुणी ऐकलं नव्हतं.

भांडण मिटेना तेव्हा मुलांनी मागे वळून सरांकडे पाहिलं. सर तोंड उघडून पुढे आले. नदीतला मासासुद्धा सहन न होणारा माणूस. मला वाटलं, आता दिशा सांगणार. पण ते थांबले, तोंड मिटलं आणि आपल्या बुटांकडे बघत राहिले.

आत्यांनी चिटणिसांच्या मुलाला जवळ बोलावलं. “तू कधी गेला होतास तिथे?”

“नाही.”

“मग हे गाव कुणाचं?”

त्याने बाबांकडे पाहिलं, मग सरांकडे.

“आमचं,” तो म्हणाला. “आम्हा सगळ्यांचं.”

आत्या भाच्याकडे वळल्या. “तू एवढा होतास तेव्हा तुलाही मी आपल्या गावावर बोलायला उभं केलं होतं. आठवतंय? रडला होतास. हा भांडतोय. पुस्तकं घरी वाचून घ्या, वर्ग यांचाच राहू दे.” मग सरांना म्हणाल्या, “फक्त ते ‘काहून’ तेवढं जरा बघा.”

“प्रयत्न करतो, ताई,” सर म्हणाले. “पण होणार नाही.”

घरी येताना लिफ्टमध्ये मी त्यांना विचारलं, खरं कुणाचं? पोस्ट कुठे होतं? सर हसले, खूप दिवसांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं. म्हणाले, “दोघेही चुकले. पोस्ट बेकरीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे होते. पण मी बोललो असतो तर भांडण थांबले असते.” चौथा मजला आला, ते उतरले, आणि दार बंद होताना मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

पुढच्या रविवारी चिटणीस हाफ पँटवर खाली आले. मुलगा वर्गात, आणि हे कडेला हात मागे बांधून उभे. सरांनी त्यांना बोटाने स्टेशन दाखवलं. नवीन माणूस आधी तिथेच उतरतो. चिटणीस मुकाट्याने खडूच्या फलाटावर जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या मुलाने त्यांच्याकडे तिकीट मागितलं.

थोरले, तेवढ्यात तू हात वर केलास. तू विचारलंस, गावातली सगळी दुकानं बंद झाली आहेत, तर एक नवीन उघडता येईल का? चिकन राइसचं, इथे प्रत्येक कोपऱ्यावर असतं तसं. मी चहाचा कप खाली ठेवला. सर त्या रुंद रस्त्याकडे वळले. मग गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसले, खिशातून खडू काढला आणि तुझ्याकडे वर बघून विचारलं,

“रस्त्याच्या कोणत्या अंगाला पाह्यजे?”